सर्च इंजिनं पारखायची कशी: मराठीत शोधणाऱ्या नवख्यांसाठी

बिंगवर हवं ते सापडलं नाही म्हणून याहू उघडलं, तिथेही नाही म्हणून डकडकगो, आणि तिन्हीकडे थोड्याफार फरकानं तेच दुवे. नवखा माणूस इथे वैतागतो आणि ‘नेटवर ही माहितीच नाही’ असं ठरवून मोकळा होतो. पण त्यानं तीन ठिकाणी शोधलेलंच नसतं. दुकानं तीन असली तरी माल मुख्यतः एकाच गोदामातून, मायक्रोसॉफ्टच्या इंडेक्समधून येतो. त्यामुळे कोणतं सर्च इंजिन चांगलं हे विचारण्याआधी त्याचा इंडेक्स कुणाचा आहे हे बघायला शिका. तुलनेतला निम्मा गोंधळ तिथेच संपतो.

इंडेक्स म्हणजे काय, आणि कुणाचा कुठून येतो

तुम्ही शोध टाकता त्या क्षणी सर्च इंजिन इंटरनेटभर धावत नाही. त्याचा क्रॉलर नावाचा प्रोग्राम आधीच दुव्यामागून दुवा पकडत पानं वाचत फिरलेला असतो. कोणता शब्द कोणत्या पानावर आहे याची त्यानं केलेली प्रचंड सूची म्हणजे इंडेक्स. शोध या सूचीत होतो, मग सापडलेल्या पानांचा क्रम लागतो. म्हणजे हवं ते पान न दिसण्याची दोन मुख्य कारणं असतात: पान सूचीतच नाही, किंवा सूचीत आहे पण क्रमात फार खाली आहे. दुसऱ्या अडचणीवर शब्द बदलून मात करता येते. पहिलीवर कितीही शब्द बदलले तरी उपयोग नाही, तिथे दुसरा इंडेक्सच हवा.

स्वतःचा मोठा इंडेक्स असलेली इंजिनं मोजकी आहेत. गूगल (१९९८ पासून) आणि मायक्रोसॉफ्टचं बिंग (जून २००९ पासून) ही त्यातली सगळ्यांत मोठी. ब्रेव्ह सर्च २०२१ मध्ये आलं. सुरुवातीला ते काही निकालांसाठी बिंगची मदत घ्यायचं, २०२३ मध्ये त्यानं ती थांबवली. रशियाचं यांडेक्स आणि चीनचं बायडू यांचे इंडेक्स स्वतःचे आहेत, पण बायडूचा मराठी माणसाला उपयोग जवळजवळ शून्य. यांडेक्स चित्रांच्या शोधासाठी मात्र लक्षात ठेवा. ब्रिटनचं मोजिक स्वतंत्र आहे, आकारानं लहान.

बाकीची लोकप्रिय नावं उसन्या निकालांवर चालतात. याहू आणि डकडकगो मुख्यतः बिंगवर, स्टार्टपेज मुख्यतः गूगलवर, झाडं लावण्यासाठी ओळखलं जाणारं बर्लिनचं इकोझिया बिंग आणि गूगल दोघांवर. २३ मे २०२४ रोजी बिंगची यंत्रणा काही तास कोलमडली, तेव्हा डकडकगो आणि इकोझियाही बंद पडले होते. कोण कुणावर उभं आहे हे त्या दिवशी उघड दिसलं.

याचा अर्थ उसने निकाल देणारी इंजिनं टाकाऊ असा नाही. डकडकगो तुमच्या शोधांवरून तुमच्या आवडीनिवडींची नोंद (प्रोफाइल) तयार करत नाही, जाहिरात दाखवतं ती त्या वेळच्या शोधशब्दांवरून. स्टार्टपेज तुमचा शोध गूगलकडे पोचवतं, पण तुमचा आयपी पत्ता (इंटरनेटवर तुमचं उपकरण ओळखणारा क्रमांक) पोचवत नाही. खासगीपणा हवा म्हणून ती जरूर वापरा. फक्त ‘दुसरीकडे वेगळं काही मिळेल’ या अपेक्षेनं बिंगवरून डकडकगोवर जाऊ नका.

म्हणून घरच्या घरी तुलना करायची तर तीनच घ्या: गूगल, बिंग आणि ब्रेव्ह.

पायरी १: सहा शोध लिहून काढा

इंजिन उघडण्याआधी कागदावर सहा शोध लिहा. ते तुमच्या रोजच्या गरजेतले असावेत आणि प्रत्येकाचा प्रकार वेगळा असावा. एकाच प्रकारचे सहा शोध केले तर तुलना एका बाजूला झुकते. नमुन्यादाखल:

१. नेमकं संकेतस्थळ गाठणं: ‘डिजिटल सहीचा सातबारा’
२. मराठीतली माहिती: ‘आंब्याच्या मोहरावरील भुरी रोग नियंत्रण’
३. सरकारी कागद: तुमच्या खात्याचा एखादा शासन निर्णय, त्याच्या विषयातले चार-पाच शब्द
४. जवळपासची गोष्ट: ‘साताऱ्यात रक्तपेढी’ किंवा तुमच्या गावातली एखादी सेवा
५. ताजी घडामोड: या आठवड्यात तुमच्या जिल्ह्यात घडलेलं काही
६. हिंदी-मराठीचा घोळ होणारा शब्द: ‘शिक्षा’

सहावा शोध मुद्दाम आहे. हा शब्द मराठीत आणि हिंदीत एकाच प्रकारे लिहिला जातो, पण हिंदीत त्याचा अर्थ शिक्षण. नुसता टाकला तर इंजिन देवनागरी बघून हिंदीकडे किती कलतं ते लगेच कळतं. मग ‘गुन्ह्याला किती वर्षांची शिक्षा आहे’ असं पूर्ण मराठी वाक्य टाका आणि निकाल किती बदलतात ते पाहा.

प्रत्येक शोधासमोर ‘बरोबर उत्तर’ काय असेल तेही आधीच लिहून ठेवा. उदाहरणार्थ, पहिल्याचं उत्तर महाभूमीचं, म्हणजे राज्याच्या जमीन नोंदींचं सरकारी संकेतस्थळ. हे आधी ठरवलं नाही, तर जे समोर येतं तेच बरं वाटायला लागतं.

पायरी २: तिन्हींना सारखी परिस्थिती द्या

इथे बहुतेकांची तुलना फसते. वर्षानुवर्षं लॉग-इन असलेलं गूगल आणि आज पहिल्यांदा उघडलेलं ब्रेव्ह यांची तुलना म्हणजे एकाला तुमची आवड माहीत आणि दुसरं अनोळखी. म्हणून:

– एकच उपकरण, एकच ब्राउझर, आणि खासगी खिडकी (क्रोममध्ये इन्कॉग्निटो). लॉग-इन करू नका.
– एकाच बैठकीत तिन्ही तपासा. सकाळी गूगल आणि रात्री बिंग असं केलं तर बातमीचा शोध निकामी होतो.
– प्रत्येकात प्रदेश ‘भारत’ आहे का ते सेटिंग्जमध्ये बघा. परदेशात राहणाऱ्यांनी हे आवर्जून करावं. खासगी खिडकीतही आयपी पत्त्यावरून ठिकाण ओळखलं जातंच, त्यामुळे लंडनमध्ये बसून शोधलं तर क्रम तिथला लागतो. व्हीपीएन (तुमचं ठिकाण दुसरीकडचं दाखवणारी सेवा) चालू असेल तर बंद करा, नाहीतर तुम्ही पुण्यात आणि निकाल सिंगापूरचे.
– सेफ सर्च (अश्लील मजकूर गाळणारं सेटिंग) तिन्हीकडे सारख्या पातळीवर ठेवा.
– शोध एकदाच टाइप करा आणि तोच कॉपी करून तिन्हीकडे चिकटवा. एका अनुस्वाराच्या फरकानंही यादी बदलू शकते.

पायरी ३: नोंद कशाची करायची

प्रत्येक शोधाचे पहिले दहा नैसर्गिक निकाल पाहा. नैसर्गिक म्हणजे ‘प्रायोजित’ शिक्का नसलेले. चार गोष्टी लिहा: बरोबर उत्तर कितव्या क्रमांकावर आलं, दहांपैकी खरोखर मराठी पानं किती, पहिल्या नैसर्गिक निकालाआधी किती जाहिराती ओलांडाव्या लागल्या, आणि बाकीच्या दोन इंजिनांत न दिसलेले, तरीही उपयोगी दुवे किती. शेवटचा आकडा सगळ्यांत मोलाचा. दुसरं इंजिन जवळ ठेवायचं कारण तोच सांगतो.

एक आकडा मात्र अजिबात लिहू नका: ‘सुमारे इतके लाख निकाल’. तो अंदाज असतो, मोजणी नव्हे. पानं पालटत गेलात तर काही शे निकालांनंतर यादी संपते. ज्याचा आकडा मोठा त्याचा इंडेक्स मोठा, असं त्यावरून ठरत नाही.

सहा शोध, तीन इंजिनं, प्रत्येकी दहा निकाल म्हणजे एकशे ऐंशी ओळी होतात. एवढा वेळ नसेल तर दुसरा, तिसरा आणि सहावा शोध ठेवा. मराठी माणसाच्या दृष्टीनं फरक तिथेच जास्त पडतो.

पायरी ४: निकाल वाचताना काय दिसेल

तुमची यादी तुमचीच असेल, पण सर्वसाधारण कल असा: मराठी मजकूर आणि जवळपासच्या सेवा यांत गूगल पुढे राहतं. स्थानिक शोधात त्याला मॅप्सवरची दुकानं, वेळा आणि लोकांचे अभिप्राय यांचा आधार असतो, बाकीच्यांकडे तो तेवढा नाही. ‘साताऱ्यात रक्तपेढी’सारख्या शोधासाठी दुसरीकडे जाण्यात अर्थ नाही.

बिंगचं बळ इंग्रजी माहिती, चित्रं आणि व्हिडिओ यांत. मराठीत ते काही वेळा जुनी किंवा हिंदी पानं वर आणतं, पण गूगलनं खाली ढकललेलं एखादं सरकारी पान तिथे वर मिळतं. ब्रेव्हच्या इंडेक्समध्ये मराठी कमी आहे. मात्र इंग्रजी तांत्रिक प्रश्नांसाठी, विशेषतः ‘अमुक एरर येतोय, काय करू’ अशा शोधांसाठी, आम्ही ते जरूर सुचवू. मंचांवरच्या चर्चा तिथे चांगल्या वर येतात.

रोजच्या कामाला गूगल आणि जोडीला वेगळ्या इंडेक्सचं एक, ही जोडी बहुतेक मराठी वाचकांना पुरते. खासगीपणाला महत्त्व देणाऱ्यानं रोजचं डकडकगो ठेवावं आणि मराठी शोध अडला की स्टार्टपेज उघडावं. अशानं बिंग आणि गूगल दोघांचे निकाल मिळतात आणि मागे पाऊलखुणाही कमी राहतात.

मराठीत शोधताना नेमकं कुठे अडतं

हा भाग सावकाश वाचा. ज्या शोधांना ‘इंजिन वाईट’ म्हणून नावं ठेवली जातात, त्यांतले बरेच शब्दांच्या निवडीमुळे फसलेले असतात.

*हिंदीचा शिरकाव.* ‘जन्म प्रमाणपत्र’ टाकलं की उत्तर प्रदेश, बिहारची पानं मिसळतात, कारण हिंदीतही जवळपास हाच शब्द आहे. ‘जन्म दाखला’ टाका, यादी महाराष्ट्रात येते. तसंच ‘उत्पन्नाचा दाखला’, ‘रहिवासी दाखला’, ‘पीक विमा’. दोन्ही भाषांत सारखा असलेला शब्द टाळता येत नसेल तर सोबत अस्सल मराठी शब्द जोडा: ‘कसा काढायचा’, ‘लागणारी कागदपत्रं’, ‘तालुका’, ‘जिल्हा परिषद’. नुसता ‘महाराष्ट्र’ जोडून भागत नाही, महाराष्ट्राबद्दलची हिंदी पानंही पुष्कळ आहेत.

*विभक्तीची रूपं.* मराठीत ‘आंबा’चा आंब्याला, आंब्यावर, आंब्याच्या होतो. इंजिनं इंग्रजी शब्दांची रूपं सहज जुळवतात, मराठीत हे काम अजून कच्चं आहे. पहिला शोध मूळ रूपात करा (‘आंबा भुरी’), दुसरा सामान्यरूपात (‘आंब्यावरील भुरी’). दोन्ही याद्यांत फरक दिसला तर दोन्ही उपयोगी. अवतरण चिन्हांत शब्द टाकताना हे अधिकच सांभाळा, कारण तिथे नेमकं तेच रूप शोधलं जातं.

*एकच अक्षर, दोन टंकनं.* ‘साताऱ्यातील’मधला ऱ्य दोन पद्धतींनी टाइप होतो. डोळ्याला फरक जाणवत नाही, पण यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी अक्षरं असू शकतात. जुन्या मराठी पानांवर दुसरी पद्धत सर्रास आढळते. उपाय सोपा आहे: असा शब्द टाळा आणि ‘सातारा’ लिहा. दऱ्या, सुऱ्या, वाऱ्यावर असे शब्द शोधात अडले तर हेच कारण असू शकतं.

*आकडे.* ‘७/१२’, ‘7/12’ आणि ‘सातबारा’ हे तीन वेगळे शोध समजा. अक्षरी शब्द बहुधा सगळ्यांत चांगला चालतो, कारण तिरकी रेघ इंजिन अनेकदा सोडून देतं.

*रोमन लिपीतली मराठी.* इंग्रजी अक्षरांत ‘सातबारा कसा काढायचा’ लिहिलं तरी निकाल येतात, पण त्यांत व्हिडिओ आणि जाहिरातींनी भरलेली पानं जास्त असतात. वर्तमानपत्रं, विद्यापीठं आणि सरकारी पानं देवनागरीत आहेत, म्हणून शोधही देवनागरीतच करा. टायपिंगचा कंटाळा असेल तर फोनवर जीबोर्डमध्ये मराठी भाषा जोडा. त्यात इंग्रजी अक्षरांवरून देवनागरी उमटवण्याचा पर्याय आहे. गूगलचा आवाजी शोध मराठीत २०१७ पासून चालतो. तो हिंदी ऐकू लागला तर व्हॉइस सेटिंगमध्ये मराठी पहिली भाषा करा.

*जुन्या फॉन्टमधल्या पीडीएफ.* शासन निर्णय, परिपत्रकं, जुनी मासिकं यांच्या बऱ्याच फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या प्रमाण पद्धतीत नाहीत. काही श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत आहेत, काही तर नुसते स्कॅन. तपासायचं असेल तर फाइलमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. अगम्य चिन्हं उमटली तर फाइल जुन्या फॉन्टची, काहीच कॉपी झालं नाही तर स्कॅन. जुन्या फॉन्टची फाइल मराठी शब्दांनी कोणत्याच इंजिनात सापडत नाही, स्कॅनचंही फारसं खरं नसतं. अशा वेळी इंजिन बदलत बसू नका. महाराष्ट्र शासनाच्या शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर जा आणि विभाग, दिनांकाची मर्यादा किंवा सांकेतांक यांनी शोधा. सांकेतांक हा शासन निर्णयात खाली दिलेला लांबलचक आकडा. त्याची सुरुवात वर्ष, महिना, दिवस अशी असते. म्हणून कुणी व्हॉट्सॲपवर निर्णय पाठवला आणि त्यावरची तारीख सांकेतांकाशी जुळली नाही, तर तो कागद आधी संकेतस्थळावर तपासा, मग पुढे पाठवा.

शोध आवळण्याच्या आज्ञा

या आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत लिहायच्या. आज्ञेनंतर विसर्गासारखं कोलन, आणि कोलननंतर जागा सोडायची नाही. जागा सुटली की आज्ञा साधा शब्द बनते. नवख्यांची ही सगळ्यांत जास्त होणारी चूक.

‘साइट’ कोलन आणि पत्ता: त्या एकाच संकेतस्थळात शोध. ‘पीक विमा’ पुढे साइट, कोलन, गव्ह डॉट इन लिहिलं की फक्त सरकारी पानं उरतात. मराठी विकिपीडियासाठी पत्ता एमआर डॉट विकिपीडिया डॉट ऑर्ग. ही आज्ञा गूगल, बिंग, डकडकगो, ब्रेव्ह सगळीकडे चालते. एकच शिकायची असेल तर हीच शिका.

‘फाइलटाइप’ कोलन पीडीएफ: फक्त पीडीएफ. अर्जाचे नमुने आणि परिपत्रकं शोधताना साइटच्या आज्ञेसोबत वापरा.

वजाचं चिन्ह, शब्दाला चिकटवून: तो शब्द असलेली पानं वगळतं. हिंदी पानं हटवायला ‘जन्म दाखला’ पुढे वजा ‘कैसे’ लिहून पाहा, बऱ्यापैकी गाळणी होते. डकडकगोवर मात्र वजा लावल्यानं ती पानं कमी होतात, पूर्ण जातीलच असं नाही.

अवतरण चिन्हं: नेमकी शब्दरचना. गूगलला तशी पानं मिळाली नाहीत तर ते चिन्हांशिवायचे निकाल दाखवतं आणि वर बारीक सूचना देतं. ती वाचल्याशिवाय निकालांवर विश्वास ठेवू नका.

‘आफ्टर’ आणि ‘बिफोर’ कोलन, पुढे वर्ष-महिना-दिवस: गूगलवर तारखेची मर्यादा. बिंग, ब्रेव्ह, डकडकगोवर त्यासाठी यादीवरचा वेळेचा फिल्टर वापरा. योजनांच्या माहितीत ही मर्यादा फार कामाची, कारण जुनी मुदत, जुनी रक्कम सांगणारी पानं वर्षानुवर्षं वर राहतात. काही संकेतस्थळं मजकूर न बदलता नुसती तारीख ताजी करतात. म्हणून पानाच्या आत कोणत्या आर्थिक वर्षाचा उल्लेख आहे तेही बघा.

डकडकगोचं स्वतःचं एक साधन आहे, बँग. उद्गारचिन्हाला चिकटवून इंग्रजी डब्ल्यू आणि पुढे शब्द लिहिला की थेट विकिपीडिया उघडतं, जी लिहिलं तर गूगल. बँगनं बाहेर पडलात की पुढचा शोध त्या संकेतस्थळाच्या नियमांनुसार नोंदला जातो, हे लक्षात असू द्या.

जाहिरात, नकली पत्ते आणि ‘कस्टमर केअर’

निकालांच्या यादीतली खरी जोखीम इथे आहे. ‘सातबारा ऑनलाइन’ शोधलं की यादीत प्रायोजित दुवे, खासगी ॲपची पानं, बातम्या, व्हिडिओ आणि सरकारी संकेतस्थळ असं सगळं मिसळून येतं. नाव आणि बोधचिन्ह कुणालाही लावता येतं, म्हणून पत्ता वाचायचा, आणि तो उजवीकडून वाचायचा. पत्त्यातल्या पहिल्या एकेरी तिरक्या रेघेआधीचा भाग घ्या. त्याचा शेवट ‘डॉट गव्ह डॉट इन’ असा असेल तर सरकारी. ‘डिजिटलसातबारा डॉट महाभूमी डॉट गव्ह डॉट इन’ खरं. ‘महाभूमी’, आडवी रेघ, ‘गव्ह डॉट इन’ हे खोटं, कारण तिथे गव्हच्या आधी टिंब नाही, रेघ आहे. ‘महाभूमी डॉट गव्ह डॉट इन’ लिहून पुढे आणखी ‘डॉट अमुकतमुक डॉट कॉम’ असेल तर मालक तो अमुकतमुक.

बँकांच्या बाबतीत आता चांगली सोय झाली आहे. रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर यायला सांगितलं होतं. हा पत्ता बँकेशिवाय दुसऱ्या कुणाला मिळत नाही. म्हणून शोधात बँकेच्या नावापुढे साइट, कोलन, बँक डॉट इन लिहा.

कस्टमर केअरचा नंबर सर्च इंजिनवरून कधीही घेऊ नका, कोणत्याही इंजिनवरून. फसवणारे आपला नंबर जाहिरातींत, नकाशावरच्या नोंदींत आणि प्रश्नोत्तरांच्या पानांत पेरून ठेवतात. नंबर पासबुकवर, कार्डाच्या मागे किंवा कंपनीच्या अधिकृत ॲपमध्ये असतो, तोच घ्या. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम वाटेत गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

यादीवरची एआय उत्तरं

गूगलनं भारतात एआय सारांश २०२४ मध्ये आणले. बिंग, ब्रेव्ह आणि डकडकगोवरही तसे सारांश येतात. ते वेगवेगळ्या पानांतली वाक्यं एकत्र करून लिहिलेले असतात, आणि योजनेची मुदत, औषधाचं प्रमाण, कायद्याचं कलम अशा ठिकाणी दोन वेगवेगळ्या वर्षांची माहिती एकत्र होऊ शकते. सारांशाशेजारचे दुवे उघडा. सारांशातला आकडा त्या पानावर जसाच्या तसा आहे का, आणि पान महाराष्ट्राचंच आहे का, एवढं तपासा. फवारणीचं प्रमाण तर सारांशावरून घेऊच नये, ते बाटलीवरच्या लेबलवरून किंवा कृषी विद्यापीठाच्या शिफारशीवरून घ्यावं.

नको असेल तर डकडकगो आणि ब्रेव्हच्या सेटिंग्जमध्ये हे सारांश बंद करता येतात. गूगलमध्ये पूर्ण बंद करण्याची सोय नाही. तिथे निकालांच्या वरच्या पट्टीत ‘वेब’ हा फिल्टर निवडा (दिसला नाही तर ‘आणखी’मध्ये असतो), मग फक्त दुवे उरतात.

फोटो तपासायचा असेल तर

पावसाळ्यात ‘कोल्हापूरचा आत्ताचा पूर’ म्हणून येणारा फोटो ऑगस्ट २०१९ चा असू शकतो. फोनवर क्रोममध्ये चित्रावर बोट दाबून धरलं की गूगल लेन्सनं शोधण्याचा पर्याय येतो. लेन्स सारखी दिसणारी चित्रं शोधण्यात पटाईत आहे. तोच फोटो आधी कुठे आला होता हे हवं असेल तर टिनआय वापरा: फोटो चढवा आणि ‘सर्वांत जुना आधी’ असा क्रम लावा. टिनआय सारखी दिसणारी चित्रं नव्हे, त्याच फोटोच्या प्रती शोधतं, म्हणून स्क्रीनशॉटच्या कडा, वरची पट्टी, लिहिलेली ओळ कापून मगच फोटो चढवा. दोन्हीकडे नाही सापडला तर यांडेक्सचा चित्रशोध आणि बिंगचा व्हिज्युअल सर्च. इंडेक्स वेगळे असल्यामुळे इथे इंजिन बदलण्याचा फायदा सगळ्यांत ठळक दिसतो.

निवडलेलं इंजिन कायम कसं करायचं

क्रोममध्ये उजवीकडचे तीन ठिपके, सेटिंग्ज, सर्च इंजिन, आणि यादीतून निवड. फायरफॉक्समध्ये सेटिंग्ज, सर्च. आयफोनवर सफारीच्या सेटिंग्जमध्ये ठरावीक यादी आहे. गूगल, बिंग, डकडकगो, इकोझिया मिळतात, ब्रेव्ह मिळत नाही. अँड्रॉइड क्रोमच्या यादीत ब्रेव्ह दिसलं नाही तर त्याच्या संकेतस्थळावर जाऊन एकदा शोध करा, मग यादीत ‘अलीकडे भेट दिलेली’ खाली बहुधा ते येतं.

बदल करूनही जुनंच उघडतंय असं वाटलं तर तुम्ही कुठे टाइप करताय ते बघा. अँड्रॉइडच्या होम स्क्रीनवरची गूगलची पट्टी क्रोमचं सेटिंग मानत नाही, आणि विंडोजच्या स्टार्ट मेनूतला वेबशोध बिंगलाच जातो. शोध ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीतून करा. आणि सेटिंग बदलल्यावर काही दिवसांनी आपोआप तिसरंच अनोळखी इंजिन उघडू लागलं, तर एखादं एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम) ते बदलत असतं. एक्स्टेंशनची यादी उघडा आणि अलीकडे आलेलं, ओळखीचं नसलेलं काढून टाका.

संगणकावरच्या क्रोममध्ये एक सोय फारशी कुणी वापरत नाही. सर्च इंजिनच्या सेटिंगमध्ये ‘साइट शोध’ जोडता येतो. मराठी विकिपीडियावर किंवा विश्वकोशाच्या संकेतस्थळावर ‘टेस्ट’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत शोधा, वरच्या पट्टीतला पूर्ण पत्ता कॉपी करा, आणि त्यातल्या ‘टेस्ट’च्या जागी टक्क्याचं चिन्ह व इंग्रजी छोटा एस लिहून तो पत्ता सेटिंगमध्ये भरा. देवनागरी शब्दानं हे करू नका, पत्त्यात त्याची टक्केचिन्हांची लांब माळ होते आणि कुठून कुठे बदलायचं ते कळत नाही. शॉर्टकट म्हणून एक-दोन अक्षरं द्या. पुढे पट्टीत ती अक्षरं, मग टॅब, मग मराठी शब्द, आणि शोध थेट त्या संकेतस्थळाच्या आत होतो. पत्त्यात ‘टेस्ट’ दिसतच नसेल तर ते संकेतस्थळ शोधशब्द पत्त्यातून पाठवत नाही. तिथे ही युक्ती चालणार नाही, साइटची आज्ञाच वापरावी लागेल.